सोळावं वर्ष आजारासाठी थांबत नाही

जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कादंबरी जानेवारी २०१२ मध्ये आली. हेजल सोळा वर्षांची. थायरॉइडचा कॅन्सर फुप्फुसांत उतरलेला, त्यामुळे ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत फिरणारी. ऑगस्टस सतरा वर्षांचा, हाडाच्या कॅन्सरने एक पाय गेलेला. इंडियानापोलिस शहरातल्या आजारी मुलांच्या एका गटात दोघांची भेट होते आणि ती प्रेमात पडतात. मी ही कादंबरी अकरावीत वाचली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या वेकोलि कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये, डिक्शनरी शेजारी ठेवून. मला कॅन्सर नव्हता. मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही आलेला. तरी वाचताना सारखं वाटायचं, या पोरीला आमच्या घरातलं कसं कळलं?

आता मी नववी ते बारावीच्या मुलांची शिकवणी घेते. त्यांच्यातही सिकलसेलची काही मुलं आहेत. गणितं संपली की त्यांना ही गोष्ट मराठीतून थोडी थोडी सांगते. त्या पुस्तकाने, या आजाराने आणि या पोरांनी मला जे शिकवलं ते इथे लिहिते आहे.

१. आजारी पोरांना हिंमतवाली म्हणणं आधी थांबवा.

आमच्याकडे कुणी भेटायला आलं की दोन वाक्यं ठरलेली असायची. बाहेरच्या खोलीत हळू आवाजात, "काय नशीब घेऊन आली वो माय पोरगी." आणि आत आल्यावर मोठ्याने, "लय हिंमतवाली आहे आमची पोरगी!" मला दोन्ही ऐकू यायची. एकदा हिंमतवाली ठरलं की मग रडता येत नाही, चिडता येत नाही, अभ्यासाचा कंटाळाही करता येत नाही. हेजल मला आवडली ती याच्यासाठी. ती चिडते, टीव्हीवरचे भिकार कार्यक्रम तासन्‌तास बघते, आईने ढकलल्याशिवाय त्या गटात जात नाही. तिचा मित्र आयझॅक याचा दुसरा डोळाही कॅन्सरमुळे काढायचा असतो आणि नेमकी तेव्हाच मैत्रीण त्याला सोडून जाते. तो ऑगस्टसच्या घरी येऊन त्याच्या बास्केटबॉलच्या ट्रॉफ्या आपटून आपटून फोडतो. ऑगस्टस त्याला अडवत नाही. हा प्रसंग सांगितला की माझ्या वर्गात चिडीचूप होतं. मग एखादा विचारतोच, "ताई, त्याच्या मायनं मारलं नाही त्याले?"

फोडू द्यावं. निदान उशी तरी फेकू द्यावी.

२. दुखणं किती आहे ते पोराला एकट्याला विचारा.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बिघाड एवढाच. पण ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढे रक्त जात नाही आणि कळ उठते. निरोगी लाल पेशी १२० दिवस टिकते, आमची १० ते २० दिवस. म्हणून रक्त सदा कमी आणि डोळे पिवळट. पण कळ आली असताना बाहेरून काही दिसत नाही. प्लास्टर नसतं, जखम नसते. एका रात्री मला दवाखान्यात नेलं तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, की परीक्षा जवळ आली की मुलींना असं होतं. मी तेव्हा पलंगाची लोखंडी पट्टी दातात धरायची बाकी होते.

कादंबरीत नर्स हेजलला विचारते, दुखणं एक ते दहात किती? हेजल नऊ सांगते. नर्सला तिचं कौतुक वाटतं, की ही दहाला नऊ म्हणते. पुढे कळतं की तिने दहा राखून ठेवला होता, आणि तो ऑगस्टस गेल्यावर येतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे ऐकून सांगितलं, "मी तर पाचच सांगते. आई बाजूलेच उभी राहते ना." तिच्या आईच्या हातात त्या महिन्याचा पगार संपत आलेला असतो आणि मुलगी तो हिशेब करून आकडा कमी करते. तेव्हापासून आम्ही वह्या केल्या. कळ केव्हा आली, कुठे आली, आदल्या दिवशी काय केलं होतं, आकडा किती. हा आकडा घरच्यांसमोर बोलायचा नाही, लिहायचा. डॉक्टरही वही वाचतात. पोरीच्या तोंडाकडे पाहून ज्यांना खरं वाटत नाही, त्यांना तारखा पाहून वाटतं.

३. 'पाणी पी' म्हणण्याआधी शाळेचं संडास बघून या.

घुग्घुसचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर जातो तेव्हा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो येतो. आमच्याकडे त्यात कोळशाचे ट्रक, सिमेंट, स्पंज आयर्न आणि धुळीची भर. आंगणातल्या तुळशीचं पान पुसलं की बोट काळं होतं. अशा हवेत अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि आमची कळ सुरू होते. म्हणून प्रत्येक डॉक्टर पहिलं वाक्य हेच सांगतो, भरपूर पाणी पी.

आता ऐका. शिकवणीतली एक मुलगी दर बुधवारी-गुरुवारी आजारी पडायची. तिच्या वहीतल्या तारखा आम्ही ओळीने लावल्या. त्या दोन दिवशी शाळेनंतर प्रॅक्टिकल असायचं, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळा. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. मग ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. आजाराचं कारण तिच्या रक्तात होतं, पण त्या दिवशीच्या कळेचं कारण एक कडी होती. तिची आई आणि आणखी दोघी जणी शाळेत जाऊन बसल्या, तेव्हा कडी लागली. पाण्याचं पिंप भरून ठेवायला मावशी मिळाली. मुलीच्या वहीतले बुधवार-गुरुवार कोरे राहू लागले.

सिकलसेलच्या मुलीला वर्गातून केव्हाही लघवीला जाऊ दिलं पाहिजे, कारण या आजारात मूत्रपिंडं लघवी नीट घट्ट करू शकत नाहीत आणि ती वारंवार होते. शिक्षकांनी हे लक्षात ठेवलं तरी फार आहे. उन्हात कवायत नको. आणि थंडीही विसरू नका. डिसेंबरमध्ये पहाटेच्या शिकवणीला स्वेटर न घालता सायकलवर जाणाऱ्या पोराला कळ येतेच.

४. पोर मांडी दुखते म्हणालं की ते वाढीचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका.

ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या गावच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. आदल्या दिवशीपर्यंत त्या घरात स्वयंपाक होत होता. माझ्या डाव्या खुब्याचं तसंच झालं. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त कमी पडतं आणि तो आतून मरत जातो. चालता येत असतं तोवर कुणाला शंका येत नाही. सुरुवातीला साध्या एक्सरेतही दिसत नाही, एमआरआय लागतो. लवकर कळलं तर त्या पायावर वजन कमी टाकणं, व्यायाम, कधी छोटी शस्त्रक्रिया यांनी सांधा बराच काळ सांभाळता येतो. मी आज एका बाजूला झुकून चालते. वर्गातलं कुणी मांडी किंवा जांघ दुखते म्हणालं की मी त्याच्या घरी जाऊन बसते आणि तारीख ठरल्याशिवाय उठत नाही.

५. अंगाचं वय मागे राहतं, मनाचं राहत नाही.

सोळाव्या वर्षी कंडक्टर मला अर्धं तिकीट द्यायचा. सिकलसेलमध्ये उंची, वजन, पाळी, आवाज फुटणं, मिसरूड फुटणं सगळं उशिरा येतं. बहुतेकांचं येतं, उशिरा येतं. हे एक वाक्य कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं. बरोबरीच्या मैत्रिणी ओढणी सावरू लागल्या होत्या आणि मी फ्रॉकमधल्या मुलीसारखी दिसायची. मनात मात्र तेच सगळं चालू होतं जे त्यांच्या मनात होतं. हेजल आणि ऑगस्टस यांची कादंबरी जगभर वाचली गेली त्याचं मला कळलेलं कारण हे, की लेखकाने त्यांना आधी सोळा-सतरा वर्षांचं मानलं आणि मग आजारी.

मुलग्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण घरात कुणी बोलत नाही. या आजारात मुलग्यांचं लिंग काही कारण नसताना ताठ राहून तासन्‌तास ठणकतं. तिथेही रक्तच अडकलेलं असतं. पोरगं लाजेने रात्रभर कुणाला सांगत नाही. चार तासांच्या वर गेलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं, तेव्हा लगेच दवाखान्यात जायचं असतं. बापाने, मामाने, मोठ्या भावाने हे मुलाला आधीच सांगून ठेवावं. त्याने काही वाईट केलेलं नाही, हेही सांगावं.

६. पोराला काय हवं ते पोरालाच विचारा.

अमेरिकेत गंभीर आजारी मुलांची एखादी इच्छा पुरी करणाऱ्या संस्था आहेत. हेजलने आपली इच्छा डिस्ने वर्ल्डवर कधीच खर्चून टाकलेली असते. मग ऑगस्टस आपली इच्छा वापरतो आणि तिला ॲमस्टरडॅमला नेतो, तिच्या आवडत्या लेखकाला भेटायला. मी वर्गात विचारलं, तुम्ही काय मागाल? मला वाटलं होतं मुंबई, समुद्र, सिनेमावाले. एक मुलगा म्हणाला, पूर्ण पावसाळाभर फुटबॉल. एक मुलगी म्हणाली, स्नेहसंमेलनात नाच, बसून बघायला नाही.

विचारण्याचं महत्त्व मोठ्यांनाही कळावं लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं तेव्हा त्यांनी रक्त तपासून दाखवून दिलं की या जिल्ह्यात सिकलसेल आहे. शास्त्रासाठी ती मोठी गोष्ट होती. पण लोकांनी ते मागितलंच नव्हतं, लोकांची निकड वेगळी होती, हे डॉ. बंग यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे. 'तुम्हाला काय हवं?' हे एवढ्या मोठ्या माणसांना थांबून विचारावंसं वाटलं, ते आपण घरातल्या एका पोरीला विचारू शकतो. नाच मागणाऱ्या त्या मुलीचा नाच बसला. मधल्या कडव्यात ती स्टूलवर बसते आणि बाकीच्या तिच्याभोवती फिरतात, असा बसवला. आदल्या दिवशी दोन बाटल्या पाणी जास्त.

७. आईलाही तिचं आयुष्य राहू द्या.

हेजलची सगळ्यात मोठी भीती मरणाची नसते. आपण गेल्यावर आईबाबा उद्ध्वस्त होतील, ही असते. शेवटाकडे तिला कळतं की आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यास करते आहे, आपल्यासारख्या घरांना मदत करता यावी म्हणून. आईला वाटतं लेक दुखावेल. लेकीला मात्र केवढं हायसं वाटतं! माझी आई माझ्यामुळे लग्नाकार्याला जाणं सोडून बसली होती. बचत गटात ती जाऊ लागली आणि हिशेब ठेवू लागली, त्या वर्षी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आयांनो, तुमच्या पोरांना हवं असतं की तुम्ही त्यांच्याशिवायही काहीतरी असावं.

८. आपलं औषध चमत्काराचं नाही, रोजचं आहे.

हेजलला ज्या औषधाने वर्षं मिळतात ते औषध लेखकाने बनवलेलं आहे, खरं नाही, हे तो स्वतःच सांगतो. आमचं औषध खरं आहे. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन अंगात वाढवते आणि पेशी वाकणं कमी करते. कादंबरी आली त्याच २०१२ साली नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी आणि ठरावीक मात्रेतही आपल्याकडच्या गंभीर आजारी मुलांच्या कळा आणि दवाखान्याच्या वाऱ्या कमी होतात, असं त्यात दिसलं. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासत घ्यायचं असतं. बरं वाटलं म्हणून बंद करायचं नसतं, आणि घरची पोरं नेमकं तेच करतात.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. तेव्हाची किंमत २२ लाख डॉलर. पालक मला त्याची बातमी मोबाइलवर दाखवतात. मी म्हणते, येईल तेव्हा येईल, आजची कॅप्सूल घेतली का?

९. प्रेमात पडण्याआधी नाही, पण लग्नाआधी रक्त तपासा.

"ताई, मले कोण करंल?" बारावीतल्या मुलीने वही आवरता आवरता विचारलं. मी फळ्यावर मांडून दाखवलं. आईबाप दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांतही हा जनुक एकाच बाजूने आलेला असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. पण एसएस मुलीने सिकलसेल अजिबात नसलेल्या मुलाशी लग्न केलं तर तिचं एकही मूल एसएस होत नाही, सगळी फक्त वाहक होतात. ती फळ्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं घरात सिकलसेल तपासणीचं कार्ड कपाटात लपवून ठेवलेलं, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाळंतपण डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आणि आधी औषधं बदलून करावं लागतं, हेही मी तिला सांगितलं. खोटा दिलासा या वयाच्या मुलींना लगेच ओळखू येतो.

आणि हा अमक्या जातीचा आजार, ही भाषा सोडा. आपल्या भागात तो गोंड, माडिया, परधान, बौद्ध, कुणबी, तेली अशा अनेक घरांत आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा जनुक टिकला, कारण वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य ठरलं. तुमची झाली का?

१०. कागद करून ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क आहे. बोर्डाच्या परीक्षेत सवलतीसाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांत मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. हे चूक आहे आणि बदललं पाहिजे. कळ येणारा माणूस नोकरीच्या वयात बरा होत नाही.

११. आपली गोष्ट आपण लिहावी.

ग्रीन तरुणपणी मुलांच्या दवाखान्यात धर्मसेवक म्हणून काम करत होता. पुढे एस्थर अर्ल या मुलीशी त्याची मैत्री झाली, ती २०१० मध्ये सोळाव्या वर्षी गेली. कादंबरी तिला अर्पण केलेली आहे. जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, या कादंबरीवरचा 'दिल बेचारा' हा हिंदी सिनेमा आला. त्यात ही गोष्ट जमशेदपूरला पोचली होती. कारखान्याचं गाव बघून माझी पोरं मोबाइलवर ओरडली, "हे तर आपल्यासारखंच आहे!" तिथून घुग्घुसला यायला तिला कुणी लेखक भेटला पाहिजे.

सिकलसेलची वैद्यकात पहिली नोंद १९१० सालची, शिकागोच्या डॉ. हेरिक यांची. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला तरुण. तो कळा सोसत शिकला, पास झाला, गावी जाऊन दवाखाना काढला. बत्तिसाव्या वर्षी गेला, पण तोपर्यंत दातांचा डॉक्टर म्हणून जगला. त्याच्या नंतर औषध आलं, लसी आल्या, तपासणी आली. आज नीट उपचार मिळालेली पोरं त्याच्याहून पुष्कळ जास्त जगू शकतात. गोष्टींमध्ये मात्र आजारी पोर अजून शेवटच्या प्रकरणात मरतंच.

म्हणून चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, भंडारा, गोंदिया, नंदुरबारकडच्या लिहित्या मंडळींना माझी विनंती आहे. आमच्या पोरांवर एक कादंबरी लिहा, मराठीत, आमच्या बोलीसकट. तिच्यात धूळ असू द्या, कोळशाची मालगाडी असू द्या, संडासाची कडी असू द्या, एक प्रेम असू द्या. लिहिण्याआधी या पोरांपाशी येऊन बसा. आणि नायिकेला शेवटी मारू नका, तिला बारावी पास होऊ द्या.